सुक्यामेव्याचे झटपट डिप वारंवार बिघडते तेव्हा: गोळा होणे, तेल सुटणे आणि रवाळपणा यांवरील उपाय

काजू, बदाम, अक्रोड किंवा शेंगदाणे वाटून केलेले डिप जेवणाआधी पुढे ठेवण्यासाठी पंधरा-वीस मिनिटांत तयार होऊ शकते, आणि तरीही त्याच्याबद्दलची एक तक्रार काही केल्या संपत नाही. जिन्नस तेच असतात, प्रमाण तेच असते, मिक्सरही तोच असतो. पण एकदा ते मऊसूत आणि एकजीव होते, तर पुढच्या वेळी त्याच भांड्यात कडक गोळा बसतो, वर तेलाचा तवंग येतो किंवा जिभेवर कचकच लागते. कृतीत काहीच बदलले नसेल तर परिणाम का बदलतो, हा प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्या मते या बिघाडांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच ठिकाणी असते: मिश्रणात एकूण पाणी किती गेले, ते कोणत्या टप्प्यावर गेले आणि सुकामेवा त्या वेळी भिजलेला होता की भाजलेला, याचा हिशेब राहिलेला नसतो. कृतीत लिहिलेले पाणी तेवढेच मोजले जाते. लिंबाच्या रसातले, भाजलेल्या ढोबळी मिरचीतले, दह्यातले आणि भिजलेल्या काजूंनी आधीच शोषलेले पाणी मात्र कोणी मोजत नाही.

म्हणून बिघडलेले डिप समोर आले की त्यात घाईघाईने काहीही न घालता आधी ते नीट पाहावे. चमच्याने ढवळल्यावर ते चमच्याला घट्ट चिकटून एकाच ढेकळासारखे फिरत असेल आणि भांड्याच्या कडांना तेल दिसत असेल, तर पाणी कमी पडले आहे. वर तेलाचा थर आणि खाली पातळ, दाणेदार पाणी असे दोन भाग झाले असतील, तर मिश्रण फुटले आहे. दिसायला एकजीव आहे पण अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळल्यावर कण जाणवत असतील, तर वाटण अपुरे झाले आहे. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर डिप आणखी बिघडते.

डिपचा कडक गोळा होतो

ही सर्वांत जास्त वेळा येणारी अडचण आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही हिच्याबद्दलच आहेत, त्यामुळे हिच्याकडे थोडे सविस्तर पाहायला हवे.

भाजलेले शेंगदाणे, बदाम किंवा हेझलनट कोरडेच वाटले की आधी भरड कूट होतो, मग तो भांड्याच्या कडांना चिकटू लागतो आणि शेवटी तेल सुटून सैलसर, चकाकणारी पेस्ट तयार होते. या पेस्टमध्ये तेल हे मुख्य माध्यम असते आणि प्रथिने, साखर, तंतू व पिष्टमय पदार्थ यांचे बारीक कण त्या तेलात तरंगत असतात. अशा पेस्टमध्ये चमचाभर पाणी किंवा लिंबाचा रस पडला की ते पाणी तेलात मिसळत नाही. ते थेट त्या कणांकडे जाते, कणांचा पृष्ठभाग ओला आणि चिकट होतो आणि ते एकमेकांना धरून बसतात. कोरड्या पिठावर पाण्याचे चार थेंब शिंपडले की जसे गोळे होतात, तसाच हा प्रकार आहे. पाणी घातले म्हणजे मिश्रण पातळ व्हायला हवे अशी आपली अपेक्षा असते, आणि ते उलट घट्ट झाल्यामुळे काहीतरी चुकले असे वाटून बहुतेक जण इथे हात आखडतात किंवा तेल घालतात.

तेल घालणे हा इथला सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. तेलामुळे गोळा क्षणभर सैल झाल्यासारखा वाटतो, पण मिश्रणात कमतरता पाण्याची असल्यामुळे ते जास्तीचे तेल कुठेच बांधले जात नाही आणि वाढताना वर येऊन थांबते. मग गोळाही राहतो आणि तवंगही येतो.

खरा उपाय म्हणजे आणखी पाणी. कोमट पाणी एका वेळी एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे 15 मिलिलिटर, या प्रमाणात घालत जावे आणि प्रत्येक चमचा पूर्णपणे मिसळल्याशिवाय पुढचा घालू नये. पहिल्या दोन-तीन चमच्यांपर्यंत मिश्रण अधिकच कडक, निस्तेज आणि ढेकळासारखे दिसते. त्यानंतर एका टप्प्यावर बदल अगदी स्पष्ट दिसतो: तपकिरी, मातकट दिसणारा गोळा कडांपासून सुटू लागतो, त्याचा रंग एकदम फिकट होतो, चमच्याच्या मागे गुळगुळीत रेघ उमटते आणि मिक्सरचा जड आवाज हलका होतो. या क्षणी पाणी हे मुख्य माध्यम झालेले असते, तेलाचे बारीक थेंब त्यात विखुरलेले असतात आणि सुक्यामेव्यातली प्रथिने त्या थेंबांभोवती बसून त्यांना परत एकत्र येऊ देत नाहीत. रंग फिकट होण्याचे कारणही हेच आहे, कारण असंख्य बारीक थेंबांवरून प्रकाश विखुरला जातो. रंग फिकट झालेला दिसेपर्यंत पाणी घालणे थांबवू नये, आणि तो दिसला की मात्र पाण्याचा हात लगेच आवरावा, कारण यापुढचा प्रत्येक चमचा खऱ्या अर्थाने डिप पातळ करत जातो.

किती पाणी लागेल याचा साधारण अंदाज असा सांगता येईल: 150 ग्रॅम भाजलेल्या सुक्यामेव्याच्या पेस्टला लिंबाचा रस धरून सुमारे 120 ते 150 मिलिलिटर द्रव लागतो. तेवढ्याच वजनाचे काजू भिजवून वाटायचे असतील, तर त्यांनी भिजताना पाणी आधीच प्यायलेले असल्यामुळे रसासह 100 ते 120 मिलिलिटरमध्ये काम होते. काजू कोरडे असताना आणि भिजवून निथळल्यावर अशा दोन्ही वेळा वजन केले, तर त्यांनी किती पाणी घेतले हे नेमके कळते. झटपट करायच्या पदार्थात एवढे मोजमाप कशाला, असे वाटू शकते. पण एकदा हे आकडे वहीत लिहून ठेवले की पुढच्या प्रत्येक वेळी अंदाज चुकण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि खरा वेळ तिथेच वाचतो.

गोळा होण्याचे आणखी एक कारण सहज नजरेआड होते. मधात साधारण 17 ते 18 टक्के पाणी आणि उरलेला बहुतांश भाग साखर असते. शेंगदाण्याच्या किंवा बदामाच्या पेस्टमध्ये दुसरे काहीही घालण्याआधी मध घातला, तर तेवढे थोडे पाणी पेस्ट घट्ट करायला पुरेसे असते. मध, सोया सॉस, व्हिनेगर हे सगळे आधी पाण्यात एकत्र करावेत आणि मग ते एकत्रित द्रव पेस्टमध्ये घालावे.

भिजवलेला आणि भाजलेला सुकामेवा वेगळा का वागतो

एकाच कृतीत एकदा भिजवलेले काजू आणि दुसऱ्यांदा भाजलेले काजू वापरले, तर दोन वेगळेच पदार्थ हाती येतात. दाण्यातले तेल मोकळे नसते. ते पेशींमध्ये अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात साठलेले असते आणि प्रत्येक थेंबावर प्रथिने व फॉस्फोलिपिड (पाणी आणि तेल दोन्हींशी जुळणारे स्निग्ध पदार्थ) यांचे पातळ आवरण असते. न भाजलेला दाणा भिजवून पाण्याबरोबर वाटला की हे थेंब बऱ्याच अंशी आवरणासह बाहेर येतात आणि पाण्यात सहज पसरतात, त्यामुळे पांढरट, दाट साय तयार होते आणि ती सहसा फुटत नाही. भाजताना आणि कोरडे वाटताना ही आवरणे मोडतात, तेल मोकळे होते आणि मग त्याला पाण्याशी परत जोडून घेण्याचे काम आपल्याला करावे लागते.

ज्यांचे डिप दर वेळी फुटते, त्यांनी म्हणूनच काही दिवस न भाजलेल्या, भिजवलेल्या काजूंवरच हात बसवावा, असे मला मनापासून वाटते. 100 ग्रॅम काजूत सुमारे 44 ग्रॅम स्निग्धांश आणि वीसहून अधिक ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. तो दाणा मऊ असतो, त्याला साल नसते आणि तो चुका पोटात घालतो. बदामात स्निग्धांश जवळपास 50 टक्के आणि पिष्ट जवळजवळ नाहीच, शिवाय दाणा कठीण. अक्रोडात स्निग्धांश 65 टक्क्यांच्या आसपास, मॅकडेमियात 75 टक्क्यांच्या आसपास. स्निग्धांश जितका जास्त तितके तेल सुटण्याचे भय जास्त. त्यामुळे काजूच्या कृतीत काजूंऐवजी अक्रोड घातले आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर बिघाड जवळपास ठरलेलाच असतो. अक्रोडाच्या डिपमध्ये वरून घालायचे तेल निम्म्यावर आणावे, आणि बांधणीसाठी पाण्यात भिजवून पिळलेला पावाचा मऊ भाग किंवा थोडे शिजवलेले पांढरे बीन्स घालावेत, म्हणजे पाणी आणि तेल दोन्ही धरून ठेवायला आधार मिळतो.

भाजल्याचा खरपूस स्वाद हवा आहे आणि भिजवल्याचा मऊपणाही हवा आहे, असे असेल तर दोन्हींची सांगड घालता येते. तीन भाग काजू भिजवून वाटावेत आणि एक भाग बदाम किंवा हेझलनट भाजून, पूर्ण गार करून, बारीक कूट करून शेवटी त्यात मिसळावा. स्वाद भरपूर येतो आणि मिश्रणाचा तोल भिजवलेल्या काजूंकडेच राहतो.

तेल सुटते आणि मिश्रण फुटते

तेल सुटण्याची कारणे दोन प्रकारची असतात. पहिले कारण वर आलेच आहे: पाणी कमी असते आणि तेल बांधले जात नाही. हे डिप दिसायला घट्ट आणि तेलकट असते, आणि त्यावर उपाय पाणी हाच. दुसऱ्या प्रकारात पाणी पुरेसे असते, पण ऑलिव्ह तेल किंवा दुसरे कोणतेही तेल एकदम ओतलेले असते. हे मिश्रण पातळ असते, त्यात दाणे दिसतात आणि ढवळणे थांबवले की तेल वर येते.

दुसऱ्या प्रकारचे फुटलेले डिप मिक्सरमध्ये तसेच फिरवत राहून क्वचितच सुधारते. त्यासाठी स्वच्छ, खोलगट भांड्यात एक मोठा चमचा गरम पाणी आणि एक मोठा चमचा बारीक वाटलेले, न फुटलेले काजूचे वाटण घ्यावे, ते फेटणीने एकजीव करावे आणि त्यात फुटलेले डिप अगदी थोडे थोडे घालत सतत फेटत राहावे. पहिले चार-पाच चमचे मिळून येईपर्यंत घाई करू नये. एकदा मिश्रणाने पकड घेतली की उरलेले डिप जरा सढळ हाताने घातले तरी चालते. वेगळे वाटण हाताशी नसेल तर चमचाभर मोहरीची तयार पेस्टही हे काम करते, कारण तिच्यातले घटक तेलाच्या थेंबांना वेगळे ठेवायला मदत करतात. फक्त तिची चव त्या डिपला मानवणार आहे का, ते आधी पाहावे.

मुळात ही वेळ येऊ नये यासाठी तेल सर्वांत शेवटी, बारीक धारेने घालावे, आणि 150 ग्रॅम काजूंना 30 मिलिलिटरपेक्षा अधिक तेल घालण्याचे कारण सहसा नसते. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल वापरत असाल तर ते मिक्सरच्या वेगवान पात्यांखाली फार वेळ फिरवू नये, कारण त्याने कधीकधी डिपला कडवटपणा येतो. ते चमच्याने हातानेच मिसळले तर स्वादही टिकतो.

रवाळपणा जात नाही

इथे दोष बहुधा भिजवण्यात किंवा मिक्सरच्या भांड्यात असतो. काजू थंड पाण्यात चार तास भिजले की पुरते, बदामांना रात्रभर लागते. तेवढा वेळ नसेल तर काजूंवर उकळते पाणी ओतून ते 20 ते 30 मिनिटे झाकून ठेवावेत. भिजला की नाही हे घड्याळावर सोडू नये. एक काजू उचलून दोन बोटांत दाबावा, तो मधोमध सहज मोडला आणि मोडलेल्या जागी कोरडा, खडूसारखा पांढरा गाभा दिसला नाही, तर तो वाटायला तयार आहे. बदाम वापरायचे असतील तर ते मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून थंड पाण्याखाली धरावेत. बोटाने दाबताच साल सुटते. ती साल कितीही वाटली तरी पूर्ण बारीक होत नाही आणि तिचे तपकिरी कण दाताखाली येत राहतात.

थोडे डिप करताना मोठे भांडे वापरणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. दाणे पात्यांच्या वर किमान दोन बोटे नसतील, तर पाते त्यांना कडांवर फेकते आणि स्वतः हवेत फिरत राहते. लहान, उभट भांडे घ्यावे, आधी द्रव आणि त्यावर दाणे घालावेत, सुरुवातीला थांबून थांबून फिरवावे आणि दर वेळी कडांवरचे वाटण सपाट चमच्याने खाली आणावे. आणखी एक गोष्ट फार उपयोगाची आहे: सगळे पाणी सुरुवातीलाच ओतू नये. पाणी जास्त झाले की दाणे त्यात तरंगत फिरतात आणि पात्याखाली नीट सापडत नाहीत. दोन तृतीयांश पाण्यात दाट वाटण पूर्ण गुळगुळीत करून घ्यावे, बोटांमध्ये चोळून खात्री करावी आणि मगच उरलेले पाणी घालून ते हवे तितके सैल करावे. पातळ झालेल्या वाटणातला रवाळपणा नंतर काढणे अवघड असते. अशा वेळी आणखी मूठभर भिजवलेले काजू घालून ते पुन्हा दाट करून वाटणे, हाच मार्ग राहतो. गाळणीतून चमच्याने दाबून काढले तरी चालते, पण त्यात बराच भाग वाया जातो.

मिक्सरच्या माहितीपत्रकात सलग किती वेळ फिरवायचे याची मर्यादा दिलेली असते, आणि दाट वाटणाच्या बाबतीत ती पाळायलाच हवी. मोटार तापली की भांडेही तापते, आणि भाजलेल्या सुक्यामेव्याचे तेल या उष्णतेने आणखी मोकळे होते.

केले तेव्हा ठीक होते, वाढताना मात्र घट्ट झाले

हा खरे तर बिघाड नव्हे. पिष्ट आणि तंतू यांचे कण वाटल्यानंतरही काही वेळ पाणी शोषत राहतात, आणि फ्रीजमध्ये ठेवल्यावर मिश्रण आणखी आळून येते. डिप वाढण्याच्या वेळी जितके दाट हवे, त्याहून ते करताना थोडे सैल ठेवावे, अर्धा तास झाकून ठेवावे आणि मग शेवटचे पाणी व मीठ ठरवावे. मिठाचा निर्णय शेवटी घेण्याला आणखी एक कारण आहे: गार पदार्थात मीठ कमी जाणवते, त्यामुळे कोमट असताना नेमके वाटणारे डिप फ्रीजमधून काढल्यावर अळणी लागते. मीठ बारीक घ्यावे आणि थोड्या पाण्यात विरघळवून घालावे, म्हणजे ते सगळीकडे सारखे लागते.

याच्या उलट, काही डिप ठेवल्यावर पातळ होतात. त्यात बहुतेक वेळा भाजलेली ढोबळी मिरची, टोमॅटो, काकडी, कांदा किंवा ताजी कोथिंबीर-पुदिना असतो, आणि मिठामुळे त्या भाज्यांना पाणी सुटत राहते. भाज्यांना आधीच मीठ लावून पंधरा मिनिटे चाळणीत निथळू द्यावे, कोरड्या फडक्याने टिपावे आणि मग घालावे. ज्या कृतीचा परिणाम दर वेळी वेगळा येतो, तिच्यात अशी एखादी पाणीदार भाजी आहे का हे मी सर्वांत आधी पाहीन, कारण दोन ढोबळ्या मिरच्यांचे वजन आणि त्यांतले पाणी कधीच सारखे नसते.

चवीचे बिघाड

कडवटपणा, तुरटपणा आणि खवटपणा यांत गल्लत करू नये. अक्रोडाचा तुरट कडवटपणा त्याच्या पातळ सालीतून येतो. अक्रोड एक-दोन मिनिटे उकळून ते पाणी फेकून द्यावे, कोरडे करावेत आणि 160 अंश सेल्सिअसवर आठ ते दहा मिनिटे भाजावेत. कडवटपणा बराच उतरतो. अक्रोडाच्या डिपला कधीकधी येणारी करडी-जांभळट छटाही सालीमुळेच असते आणि ती खाण्याला अपायकारक नसते. लिंबाच्या रसात राहिलेला लसूण कधी हिरवट-निळसर होतो, त्याचेही तसेच.

जळकट कडवटपणा भाजण्यातून येतो. भाजताना वरचा रंग फसवा असतो. एक दाणा सुरीने मधोमध कापून आतला रंग पाहावा. तो फिकट सोनेरी असतानाच दाणे गरम भांड्यातून थंड ताटात काढावेत, कारण आच बंद केल्यावरही आतल्या उष्णतेने ते काही वेळ भाजले जातात.

खवटपणावर मात्र उपाय नाही. तेल हवेच्या संपर्काने खराब झालेले असते आणि जुन्या रंगासारखा किंवा शिळ्या तेलासारखा तो वास लसूण, मिरची, लिंबू यांपैकी कशानेही झाकला जात नाही. वाटण्याआधी पिशवीतले दोन-तीन दाणे चावून पाहण्याची सवय यासाठीच लावावी. अक्रोडात सहज खराब होणाऱ्या स्निग्धाम्लांचे प्रमाण जास्त असल्यामुळे ते सर्वांत आधी खवट होतात. ते हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्येच ठेवावेत. बुरशी आलेले, सुरकुतलेले किंवा काळवंडलेले दाणे निवडून उरलेले वापरण्याचा मोह टाळावा, विशेषतः शेंगदाणे आणि पिस्ते यांच्या बाबतीत, कारण त्यांवरच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात आणि ते भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही.

कच्च्या लसणाचा उग्रपणा कमी करायचा असेल तर लसूण लिंबाच्या रसातच ठेचावा आणि दहा मिनिटे तसाच ठेवावा. लसूण चिरडल्यावर त्यातले विकर (एन्झाइम) तिखट गंधाची द्रव्ये तयार करते, आणि आंबटपणामुळे त्या विकराचे काम मंदावते. लसूण कोरडा वाटून नंतर लिंबू पिळले तर हा परिणाम मिळत नाही, कारण तोपर्यंत तिखटपणा तयार झालेला असतो.

डिप गरम वाढायचे असेल तर लिंबू किंवा व्हिनेगर आच बंद केल्यावर, ते कोमट झाल्यानंतरच घालावे. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की सुक्यामेव्यातली प्रथिने साकळतात आणि गुळगुळीत वाटण पाहता पाहता दाणेदार होते. काजूचे डिप तापवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: त्यातले पिष्ट उष्णतेने फुगते आणि डिप वेगाने घट्ट होते, म्हणून मंद आचेवर सतत ढवळत राहावे आणि गरम पाणी जवळ असू द्यावे.

ठेवणे, वाढणे आणि ॲलर्जी

सुकामेवा कोरडा असतो तोवर त्यात जंतू वाढत नाहीत, पण साल्मोनेलासारखे जंतू त्यात दीर्घकाळ जिवंत राहू शकतात, आणि पाणी मिळाले की त्यांची वाढ सुरू होते. त्यामुळे थंड पाण्यात रात्रभर भिजवायचे असेल तर भांडे फ्रीजमध्येच ठेवावे, भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि तयार डिप 4 अंश सेल्सिअसच्या आत ठेवावे. बाहेर ते दोन तासांहून अधिक, आणि हवा 32 अंशांहून उष्ण असेल तर एका तासाहून अधिक राहू नये. म्हणून मोठे भांडे टेबलावर ठेवण्यापेक्षा छोट्या वाटीत थोडे थोडे काढावे आणि वाटी बदलत राहावे. कच्चा लसूण घातलेले डिप तीन-चार दिवसांत संपवावे. वर तेलाचा थर दिला म्हणजे ते जास्त टिकते, ही समजूत धोक्याची आहे, कारण तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि बॉट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेच्या जंतूंना नेमके तेच हवे असते.

एकत्र जेवणाच्या वेळी डिपमध्ये कोणता दाणा आहे हे वाटीशेजारी स्पष्ट लिहून ठेवावे, आणि प्रत्येक वाटीला स्वतंत्र चमचा द्यावा. काजूची ॲलर्जी असलेल्या अनेकांना पिस्तेही चालत नाहीत आणि अक्रोडाची असलेल्यांना पीकन (अक्रोडासारखाच एक दाणा) चालत नाही, त्यामुळे एक दाणा बदलून दुसरा घातला म्हणजे पदार्थ सुरक्षित झाला असे धरू नये. ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांसाठी सूर्यफुलाच्या बियांचे डिप याच पद्धतीने होते, मात्र मिक्सरचे भांडे, त्याच्या झाकणाची रबरी कड आणि चमचे आधी साबणाने घासून घ्यावे लागतात. नुसते खंगाळून भागत नाही. तिळाचीही ॲलर्जी असते, हे विसरू नये.

उरलेले डिप फ्रीझरमध्ये दोन महिने सहज राहते. बाहेर काढल्यावर ते पाणी सोडते आणि फुटल्यासारखे दिसते, पण ते टाकून देऊ नये. रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्यावे, लहान भांड्यात घेऊन एक-दोन चमचे गरम पाण्याबरोबर अर्धा मिनिट फिरवावे आणि मीठ-लिंबू पुन्हा चाखून घालावे. भिजवलेल्या काजूंचे डिप यात जवळपास पहिल्यासारखे होते, भाजलेल्या अक्रोडांचे थोडे रवाळ राहते.